सोलापुरात लग्नाची फोटोग्राफी आणि व्हिडिओग्राफी: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

लग्नाच्या फोटो-व्हिडिओच्या ऑर्डर घेऊ इच्छिणाऱ्या सोलापूर शहरातील आणि जिल्ह्यातील तरुणांकडून जे प्रश्न पुन्हा पुन्हा विचारले जातात, त्यांची उत्तरे येथे दिली आहेत. कॅमेऱ्याची प्राथमिक माहिती वाचकाला आहे, असे गृहीत धरले आहे.

या व्यवसायासाठी पदवी किंवा परवाना लागतो का?

पदवी लागत नाही. दुकान किंवा स्टुडिओ थाटल्यास महाराष्ट्राच्या २०१७ च्या दुकाने व आस्थापना कायद्यानुसार, कामगारांची संख्या ठरावीक मर्यादेपेक्षा कमी असेल तर ऑनलाइन सूचना देणे पुरेसे ठरते. उद्यम नोंदणी, म्हणजे लहान उद्योगांची सरकारी नोंदणी, विनामूल्य होते आणि बँकेत कर्जासाठी जाताना तिचा उपयोग होतो. वार्षिक उलाढाल २० लाख रुपयांच्या वर गेली की जीएसटी नोंदणी बंधनकारक होते आणि या सेवेवर १८ टक्के दर लागतो. त्यामुळे त्या मर्यादेच्या जवळ पोहोचलेल्यांनी दरपत्रकात कर वेगळा दाखवण्याची सवय आधीच लावून घ्यावी.

खरे शिक्षण एखाद्या जुन्या फोटोग्राफरच्या हाताखाली एक पूर्ण हंगाम काढल्यानेच मिळते. लाईट धरणाऱ्या मुलाला मांडवात जे दिसते, ते कोणत्याही क्लासमध्ये शिकवले जात नाही.

सुरुवातीला कोणती साधने विकत घ्यावीत?

दोन कॅमेरा बॉडी आणि त्यांपैकी निदान मुख्य बॉडीला दोन कार्डांची सोय, ही पहिली गरज आहे. लग्न पुन्हा लावता येत नाही, म्हणून एकाच कार्डावर विसंबून राहणे हा शुद्ध जुगार आहे. त्यानंतर २४-७० आणि ७०-२०० मिलीमीटरच्या, एफ २.८ च्या झूम लेन्स, अंधाऱ्या मंगल कार्यालयांसाठी ३५ किंवा ५० मिलीमीटरची एक प्राइम लेन्स, दोन फ्लॅश, एक साउंड रेकॉर्डर आणि दोन कॉलर माईक एवढ्यात काम सुरू होते. गिंबल (कॅमेरा स्थिर धरणारे साधन), ड्रोन, जिमी जिब (कॅमेरा उंचावरून फिरवणारा लांब दांडा) आणि एलईडी वॉलची जोडणी ऑर्डरनुसार भाड्याने घ्यावी. पहिल्याच वर्षी हप्त्यांवर सगळी साधने उचलणारे पुढच्या वर्षी तीच साधने अर्ध्या किमतीत विकायला काढतात, असे बाजारात नेहमी दिसते.

कामाचा हंगाम कोणता, आणि उरलेल्या महिन्यांत काय करावे?

तुळशीचे लग्न लागले की माणसांची लग्ने सुरू होतात. मधला पौष महिना बहुतेक घरांत टाळला जातो, माघापासून पुन्हा गडबड सुरू होते आणि एप्रिल-मे हे सर्वाधिक कामाचे महिने ठरतात. आषाढी एकादशीनंतर चातुर्मासात मुहूर्त जवळजवळ नसतात. या चार महिन्यांत डोहाळजेवण, बारसे, वास्तुशांती आणि उद्योजकांची उत्पादन-छायाचित्रे यांवर घर चालवावे लागते. सोलापुरात चादर आणि टेरी टॉवेलचे उत्पादक मोठ्या संख्येने आहेत आणि त्यांना कॅटलॉगसाठी स्वच्छ छायाचित्रे लागतात. लग्नाच्या झगमगाटापुढे हे काम नीरस वाटले, तरी त्याचे पैसे वेळेवर येतात.

पौषातील रिकामपणाचाही उपयोग करता येतो. त्याच सुमारास, संक्रांतीला, ग्रामदैवत सिद्धेश्वरांची गड्डा यात्रा भरते आणि संमती कट्ट्यावर सिद्धेश्वरांच्या विवाहाचा अक्षता सोहळा होतो. पांढऱ्या बाराबंदीतील मानकरी, उंच नंदीध्वज, दुपारचे कडक ऊन आणि एकाच वेळी हजारो हातांतून उधळल्या जाणाऱ्या अक्षता, हे सगळे एका चौकटीत धरण्याचा सराव ज्याने केला, त्याला कार्यालयातील दोन-चारशे वऱ्हाडींची गर्दी अवघड वाटत नाही. नवोदितांसाठी याहून चांगली फुकटची कार्यशाळा शहरात दुसरी नाही.

सोलापुरात मराठी, तेलुगू, कन्नड, उर्दू अशा सगळ्या घरांतून ऑर्डर येतात. प्रत्येकाचे विधी कसे माहीत करून घ्यावेत?

या शहरातील फोटोग्राफरचे वेगळेपण येथेच दिसते, म्हणून या उत्तरासाठी थोडी अधिक जागा घ्यावी लागेल. मराठी लग्नात मंगलाष्टका संपून अंतरपाट दूर होतो तो क्षण मुहूर्ताचा असतो. परंतु हीच समजूत घेऊन तेलुगू भाषक पद्मशाली समाजाच्या लग्नात गेलेला फोटोग्राफर फसण्याची शक्यता असते. तेलुगू पद्धतीत मुहूर्तावर वधू-वर एकमेकांच्या डोक्यावर जीलकर्र-बेल्लम, म्हणजे जिरे-गुळाचे मिश्रण, ठेवतात आणि घरच्या मंडळींच्या दृष्टीने लग्न तेथेच लागते. मंगळसूत्राची वाट पाहत लेन्स बदलत बसलेल्या माणसाच्या हातून नेमका तोच क्षण निसटतो. पुढे तलंब्रालूच्या वेळी दोघे एकमेकांच्या डोक्यावर ओंजळीने अक्षता ओततात. तेथे मंडळी हसतात, चुरस लागते आणि कँडिड छायाचित्रांसाठी त्या लग्नातील हीच सर्वांत चांगली वेळ असते.

लिंगायत लग्नांत विधी जंगम स्वामी करतात, पंचकलशाची मांडणी असते आणि अनेक घरांत होम नसतोच. त्यामुळे मराठी लग्नाची ठरावीक यादी हातात घेऊन सप्तपदी कधी आहे असे विचारत फिरणे शोभत नाही. काही घराण्यांत वीरभद्राच्या गुग्गुळाची मिरवणूक असते, आणि तिची वेळ पत्रिकेवर छापलेली असेलच असे नाही. निकाहात इजाब-कबूल, म्हणजे प्रस्ताव आणि त्याचा स्वीकार, आणि निकाहनाम्यावरील सह्या हे मुख्य प्रसंग असतात आणि ते काही मिनिटांत आटोपतात. महिलांची बसण्याची व्यवस्था बहुधा वेगळी असते, म्हणून चमूत एक महिला फोटोग्राफर असल्याशिवाय अशी ऑर्डर स्वीकारू नये. हळदीच्या आणि बांगड्या भरण्याच्या कार्यक्रमांतही, घर कोणत्याही समाजाचे असो, तिची उपस्थिती सगळ्यांनाच सोयीची ठरते.

यावर एकच उपाय आहे. लग्नाच्या आठवडाभर आधी घरातील वडीलधाऱ्या बाईंना भेटून, देवकापासून सूनमुखापर्यंत त्यांच्या घरच्या रीतीने काय काय होते, ते क्रमाने लिहून घ्यावे. नवरदेव-नवरीला विचारून उपयोग नसतो. त्यांना संगीताच्या कार्यक्रमातील नाच माहीत असतो, कानपिळी कोण करणार हे माहीत नसते. याच भेटीत दोन्हीकडचे मामा, आत्या, आजी-आजोबा कोण, हे पाहून ठेवावे. अल्बम हातात पडल्यावर पहिली तक्रार बहुधा आत्यांचीच येते.

अक्षता पडतात तो क्षण कसा टिपावा?

वधू-वर समोरासमोर उभे असतात आणि मध्ये अंतरपाट असतो, म्हणून फोटोग्राफरची जागा अंतरपाटाच्या रेषेत, म्हणजे दोघांचेही चेहरे बाजूने दिसतील अशी हवी. गुरुजी बहुधा तेथेच उभे असतात. त्यांना आधीच नमस्कार करून, अंतरपाट कोणत्या बाजूने ओढणार आणि शेवटचे मंगलाष्टक कोण म्हणणार, हे विचारून घ्यावे. बहुतेक गुरुजी आनंदाने सांगतात आणि अर्धे पाऊल मागेही सरकतात. व्हिडिओचा माणूस समोरच्या कडेला, आणि तिसरा असल्यास तो उंचावरून संपूर्ण मांडव घेईल, अशी रचना ठेवावी. दोघे एकमेकांच्या चौकटीत येणार नाहीत हे आदल्या दिवशीच ठरते. मुहूर्ताला फक्त वाजंत्री ऐकू येते.

उडत्या अक्षता ठसठशीत दिसाव्यात म्हणून शटर १/२५० ते १/५०० च्या आसपास ठेवावे. फोकस चेहऱ्यावर पक्का धरून ऑटोफोकसची चपळाई कमी करावी, नाहीतर कॅमेरा नवरीचा डोळा सोडून लेन्ससमोरून जाणाऱ्या तांदळाच्या मागे धावतो. फ्लॅश थेट समोर मारला, तर जवळचे दाणे पांढरे ठिपके होऊन चेहऱ्यावर बसतात. त्यामुळे तो छताकडे वळवावा, आणि छत काळ्या कापडाचे किंवा फार उंच असेल तर बाजूच्या स्टँडवरून वापरावा. ‘शुभमंगल सावधान’ झाल्यावर पाहुणे मोबाईल वर धरून उठतात, हे गृहीत धरून एक लहान स्टूल जवळ असू द्यावे. लगेच हार घालताना मित्रमंडळी नवरदेवाला उचलतात आणि नवरीचे भाऊ तिला उचलतात. तेव्हा ७०-२०० लेन्स लावून बसलेल्याला फक्त हात आणि फेटे मिळतात.

कार्यालयातील दिव्यांमुळे व्हिडिओत काळे पट्टे का येतात?

आपल्याकडील वीजपुरवठा ५० हर्ट्झचा आहे, त्यामुळे त्यावर चालणारे अनेक दिवे सेकंदाला १०० वेळा कमी-जास्त होतात. व्हिडिओ २५ फ्रेम्सवर आणि शटर १/५० वर ठेवल्यास हा त्रास बहुतांशी टळतो. स्लो मोशनसाठी ५० फ्रेम्स आणि १/१०० शटर चालते, परंतु त्याहून अधिक फ्रेम्सचे चित्रण दिवसाच्या उजेडात, मांडवाबाहेर करावे. स्टेजमागील एलईडी वॉलचे गणित वेगळे असते; तिच्या ऑपरेटरला गाठून, पाहुणे येण्यापूर्वी चाचणी घेणे आणि विधीच्या वेळी तिची चमक कमी करून घेणे, एवढेच आपल्या हातात असते.

हळदीच्या कार्यक्रमात पिवळे कापड, पिवळे कपडे आणि पिवळी हळद यांचा उजेड चेहऱ्यावर परततो. ऑटो व्हाइट बॅलन्स त्यात गोंधळतो, म्हणून तो हाताने निश्चित करावा.

उन्हाळ्यातील लग्नांसाठी वेगळी तयारी लागते का?

लागते. मे महिन्यात सोलापूरचा पारा ४० अंशांच्या वर असतो आणि दुपारी साडेबाराच्या मुहूर्ताला लॉनवर ४के चित्रण करणारे मिररलेस कॅमेरे तापून बंद पडू शकतात. कॅमेऱ्यावर पांढरा रुमाल टाकणे, दोन बॉडी आलटून-पालटून वापरणे, बॅटऱ्या गाडीत न ठेवणे आणि कपल शूट गोरज वेळेच्या आसपास घेणे, हे साधे उपाय आहेत. चमूतील मुलांना जेवण आणि पाणी वेळेवर मिळेल, हे करारात लिहावे. शेवटच्या पंगतीला उपाशी बसलेल्या माणसाचा हात पाठवणीच्या वेळी स्थिर राहत नाही.

वरातीतील हलगी आणि बँजोमुळे आवाज फाटतो. काय करावे?

कॅमेऱ्यावरील माईकची पातळी ऑटोवर ठेवू नये. वेगळ्या रेकॉर्डरवर सर्वांत मोठा ठोका उणे १२ डेसिबलच्या आसपास राहील असे बसवावे आणि रेकॉर्डरमध्ये सोय असल्यास दुसरा, कमी पातळीचा ट्रॅक सोबत चालू ठेवावा. हलगीचा कडकडाट हा सोलापूरच्या वरातीचा प्राण आहे. तो काढून त्यावर सिनेमाचे गाणे चिकटवणे हे मिक्सिंग करणाऱ्याचे आळशीपण होय. मंगलाष्टकांसाठी गुरुजींच्या माईकचा आवाज थेट साउंड सिस्टिममधून घ्यावा. रात्री १० नंतर उघड्यावर ध्वनिक्षेपकाला बंदी असल्याने वरातीचे मुख्य चित्रण त्याआधी उरकावे.

लग्नात ड्रोन उडवता येतो का?

नियम पाळून येतो. ड्रोन नियम, २०२१ नुसार २५० ग्रॅमपर्यंतचे ड्रोन नॅनो आणि त्यापुढे २ किलोपर्यंतचे मायक्रो गटात येतात. नॅनोसाठी, तसेच बिगर-व्यावसायिक वापराच्या मायक्रोसाठी, रिमोट पायलट प्रमाणपत्राची सक्ती नाही. परंतु पैसे घेऊन केलेले लग्नाचे चित्रण व्यावसायिकच असते, ही गोष्ट अनेक जण सोयीस्करपणे विसरतात. अधिकृत हवाई नकाशावर दाखवलेल्या हिरव्या क्षेत्रात साधारणपणे ४०० फुटांपर्यंत उड्डाणाला पूर्वपरवानगी लागत नाही. पिवळ्या क्षेत्रात हवाई वाहतूक नियंत्रणाची आणि लाल क्षेत्रात केंद्र सरकारची परवानगी लागते.

सोलापूरकरांना येथे विशेष काळजी घ्यावी लागते, कारण होटगी रस्त्यावरील विमानतळावरून २०२५ मध्ये प्रवासी विमानसेवा पुन्हा सुरू झाली आहे. विमानतळापासून ८ ते १२ किलोमीटरच्या पट्ट्यात हिरवी मर्यादा २०० फुटांवर येते आणि त्याहून जवळ ती सवलत नसते. शहरातील बरीच कार्यालये या अंतरात आहेत, म्हणून प्रत्येक ऑर्डरपूर्वी अधिकृत हवाई नकाशा पाहावा आणि परवानगी शक्य नसेल तर ग्राहकाला ते आगाऊ रक्कम घेण्यापूर्वीच सांगावे. पाहुण्यांच्या डोक्यावर ड्रोन नेऊ नये. फुले टाकण्यासाठी तर मुळीच नेऊ नये.

प्री-वेडिंगसाठी जवळपास कोणत्या जागा आहेत?

हिप्परगा तलाव, हत्तरसंग कुडल येथील भीमा-सीना संगम आणि हिवाळ्यात उजनीचा जलाशय, या जागांना पहाटेचा उजेड सुंदर मिळतो. कुडलला मंदिर आणि प्राचीन मराठी शिलालेख आहे. तेथे पोशाख आणि वागणे स्थळाला साजेसे असावे. भुईकोट किल्ला संरक्षित स्मारक असल्याने व्यावसायिक चित्रीकरणासाठी पुरातत्त्व खात्याची पूर्वपरवानगी घ्यावी. नान्नज परिसर माळढोक पक्ष्याच्या अभयारण्याचा भाग आहे. गवताळ माळ छायाचित्रात छान दिसतो म्हणून तेथे धुराच्या कांड्या पेटवणे आणि गाड्या घालणे गैर आहे.

दर कसा ठरवावा आणि करारात काय असावे?

शेजारच्या स्टुडिओपेक्षा पाच हजार कमी, ही दर ठरवण्याची पद्धत नव्हे. चमूची मजुरी, साधनांचे भाडे व घसारा, प्रवास, एडिटिंगचे दिवस, अल्बमची छपाई आणि हार्ड डिस्क यांचा खर्च मांडून त्यावर स्वतःचा मोबदला धरावा. फोटोग्राफीच्या एका दिवसामागे संगणकासमोरचे कित्येक दिवस असतात, आणि नवोदित नेमके तेच मोजत नाहीत. पंढरपूर, अक्कलकोट किंवा तुळजापूरकडील ऑर्डर असेल तर मुक्कामाची सोय कोण करणार, हे लिहावे.

करार एका पानाचा असला तरी चालतो, पण तो दोन्ही घरांपैकी ज्यांनी ऑर्डर दिली त्यांच्या सहीचा हवा. त्यात कार्यक्रमांची यादी, तासांची मर्यादा, किती माणसे येणार, अल्बमची पाने व आकार, टीझर (छोटी झलक) आणि पूर्ण व्हिडिओ देण्याची मुदत, लग्न पुढे ढकलल्यास आगाऊ रकमेचे काय, आणि फोटोग्राफर आजारी पडल्यास पर्यायी व्यवस्था कोणती, हे स्पष्ट असावे. रकमेचा पहिला भाग तारीख पक्की करताना, मोठा भाग हळदीच्या आधी आणि उरलेला अल्बम देताना घ्यावा. पाठवणीनंतर वधूपित्याकडे पैशांचा विषय काढण्याची वेळ येऊ देऊ नये. ते वाईट दिसते आणि वसूलही होत नाही. ठरल्याप्रमाणे काम न दिल्यास ग्राहक २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याखाली जिल्हा आयोगाकडे जाऊ शकतो, तेव्हा तोंडी दिलेली आश्वासने महागात पडतात.

काढलेल्या फोटोंवर हक्क कोणाचा?

बहुतेक फोटोग्राफरांना धक्का बसतो, पण कॉपीराइट कायदा, १९५७ च्या कलम १७ नुसार, मोबदला घेऊन दुसऱ्याच्या सांगण्यावरून काढलेल्या छायाचित्राचा किंवा फिल्मचा पहिला हक्कदार, विरुद्ध करार नसेल तर, ऑर्डर देणारा असतो. त्यामुळे आपल्या इन्स्टाग्रामवर किंवा स्टुडिओच्या फलकावर नवरीचे छायाचित्र लावायचे असेल, तर तशी लेखी संमती करारातच घ्यावी. संमती नाकारणाऱ्या घरांचा मान राखावा. अनेक कुटुंबांना लेकी-सुनांची छायाचित्रे अनोळखी लोकांनी पाहिलेली आवडत नाहीत.

गाण्यांचा प्रश्न वेगळा आहे. लग्नसमारंभात आणि वरातीत ध्वनिमुद्रित गाणी वाजवण्यास याच कायद्याच्या कलम ५२ मध्ये सूट आहे, परंतु तेच गाणे व्हिडिओला जोडून यूट्यूबवर टाकणे त्या सवलतीत बसते असे समजू नये. समाजमाध्यमांसाठीच्या टीझरला परवान्याचे संगीत वापरावे.

डेटा किती होतो आणि किती काळ सांभाळावा?

सेकंदाला १०० मेगाबिट दराने ४के चित्रण केल्यास तासाला सुमारे ४५ जीबी जागा लागते. दोन कॅमेऱ्यांच्या दोन दिवसांच्या लग्नात एक टीबी सहज भरतो. घरी परतल्यावर, कितीही रात्र झालेली असली तरी, दोन वेगळ्या डिस्कवर प्रत उतरवल्याशिवाय झोपू नये, आणि तिसरी प्रत दुसऱ्या जागी ठेवावी. मूळ फाइल्स किती महिने ठेवणार हे करारात लिहावे.

वधू किंवा वर अल्पवयीन असल्याचा संशय आल्यास?

ऑर्डर घेऊ नये. मुलीचे वय १८ आणि मुलाचे २१ पूर्ण असणे आवश्यक आहे. २००६ च्या बालविवाह प्रतिबंधक कायद्यात बालविवाह लावणाऱ्याला किंवा त्याला साहाय्य करणाऱ्याला दोन वर्षांपर्यंत सक्तमजुरी आणि एक लाख रुपयांपर्यंत दंडाची तरतूद आहे, आणि अशा प्रकरणांत मांडववाले, आचारी, फोटोग्राफर हेही चौकशीत ओढले जातात. पत्रिकेसोबत दोघांच्या वयाच्या दाखल्याची प्रत मागण्याची पद्धत सर्वांसाठी सारखी ठेवली, तर कोणाला अपमान वाटत नाही. माहिती देण्यासाठी १०९८ हा चाइल्डलाइनचा क्रमांक आहे.

अल्बम अजूनही कोणी मागते का? आणि सगळ्यांत आधी काय द्यावे?

मागतात, आणि १२ बाय ३६ इंची अल्बम आजही घराघरांत पाहुण्यांपुढे ठेवला जातो. पाने निवडण्याचे काम महिनोन्‌महिने रेंगाळते, कारण नवे जोडपे पुण्याला गेलेले असते आणि सासूबाई सोलापुरात. त्यामुळे निवडीची अंतिम तारीख लिहून घ्यावी. त्याआधी मात्र, लग्नानंतर दोन-तीन दिवसांतच, हार घालतानाचे एक स्पष्ट, दोघांचेही चेहरे पूर्ण दिसणारे साधे छायाचित्र छापून द्यावे. विवाह नोंदणीच्या अर्जाला लग्नपत्रिकेसोबत तेच जोडावे लागते, आणि त्यासाठी फेटा डोळ्यांवर आलेले सिनेमॅटिक छायाचित्र चालत नाही.